खलाटीचा नकाशा

किस्से मी मुद्दाम गोळा केले नाहीत. एखाद्या गोष्टीचा राग आला की माणूस ती दहा जणांना सांगतो. पहिले चार जण ऐकून गप्प बसतात, पुढचे चार मान हलवतात, आणि नवव्या-दहाव्या वेळी आपलं सांगणं इतकं घोटलेलं असतं की ऐकणारा हसतो. मग लोक म्हणतात, या जाधवाकडे काय एकेक किस्से आहेत रे. माझ्याकडचे बहुतेक असेच तयार झालेत. तुम्ही हसा, माझी हरकत नाही. मला मात्र सांगताना अजून राग येतो, तेवढा सांभाळून घ्या.

हे सगळे संयुक्त महाराष्ट्राच्या वर्षांतले. तेव्हा मी गिरगावात, फणसवाडीतल्या एका नकाशांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. शाळेच्या भिंतीवर टांगतात ते मोठे नकाशे आणि भूगोलाची पुस्तकं, हा आमचा माल. मालक भाऊसाहेब विजयकर. जुनी मुंबईकर मंडळी, खाली कारखाना आणि वर घर. मजकूर लिहायला बापट मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. छपाईच्या दगडावर नकाशा उतरवायला पेडणेकर, राहणारा लालबागचा, मूळचा मालवणकडचा. आणि कागदावर नकाशा काढायला मी. परळच्या चाळीतून रोज ट्रामने यायचो. खोलीत आई आणि मी, दोघंच.

* * *

आमच्याकडे मुंबई राज्याच्या नकाशाला सर्वांत जास्त मागणी. दगडावर नकाशा उलटा काढावा लागतो, तेव्हा कुठे तो कागदावर सुलटा उमटतो. पेडणेकराने तीन आठवडे मान मोडून सगळं राज्य दगडावर उतरवलं. तेवढ्यात पेपरात आलं, राज्याचे तुकडे होणार, मुंबई वेगळी. भाऊसाहेब म्हणाले, "पुसा." पेडणेकराने दगड घासला आणि नव्याने सुरुवात केली. मग आलं, मुंबई दिल्लीच्या हाताखाली. पुन्हा पुसा. पुढे काही महिन्यांनी आलं, वेगळंबिगळं काही नाही, गुजरातपासून विदर्भापर्यंत सगळ्यांचं मिळून एकच मोठं द्विभाषिक राज्य. परत पुसा.

पेडणेकर हातातली घासणी खाली ठेवून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो धोंडो मी किती वेळां घासू? राज्य खंयचा ता ठरासर धोंडोच झिजान जातलो."

भाऊसाहेब मवाळ माणूस. चळवळीला त्यांनी कधी विरोध केला नाही आणि मोर्च्यालाही कधी गेले नाहीत. पण त्या दिवशी तेही चिडले. म्हणाले, "ठरवणाऱ्यांपैकी एकाला तरी इथे घासायला बसवलं पाहिजे."

* * *

हे पुसणं चालू असतानाच लालबाग-परळमध्ये गोळीबार झाले. तुम्ही त्या वेळी लहान असाल किंवा नसालच. दुपारी रस्ता ओस, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी, आणि मधूनच फटाक्यासारखा आवाज. आमच्या चाळीतल्या बायका पोरांना ओढून आत घ्यायच्या आणि मोजायच्या.

पेडणेकराचा मेहुणा यशवंत गिरणीत रात्रपाळीला होता. दिवसा तो चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत झोपायचा, कारण खोलीत जागा नव्हती. एका दुपारी तो तिथेच झोपेत गेला. गोळी कठड्याच्या लाकडातून आली.

पाच दिवसांनी पेडणेकर कामावर आला. बापट मास्तरांनी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार वाईट झालं रे. पण अशा वेळी माणसानं घरात राहावं ना."

पेडणेकर शांतपणे म्हणाला, "मास्तरानु, तो घरातच होतो. आमच्या खोलयेत नऊ माणसां. बायको-पोरां भितूर आणि बापये गॅलरीत. आमचां घर थंयसरच आसता."

मास्तरांनी टेबलावरचा पेपर उचलला आणि सरकारी पत्रकच वाचून दाखवलं. पोलिसांनी जमावाला पांगवण्यासाठी गोळीबार केला, असं त्यात होतं.

"एकटोच निजलेलो," पेडणेकर म्हणाला. "जमाव कसलो?"

मग तो दगडापाशी बसला. त्या दिवशी कोकणचा किनारा काढायचा होता. संध्याकाळपर्यंत त्याने मान वर केली नाही. किनारा मात्र एका ठिकाणीही चुकला नाही.

* * *

द्विभाषिक जाहीर झालं आणि आमच्याकडे जुन्या नकाशांचा ढीग रद्दी होऊन पडला. भाऊसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता असा देश काढा, ज्याची सीमा कुणाच्या तीर्थरूपांनाही हलवता येणार नाही."

म्हणजे काल्पनिक देश. पुस्तक पोरांना नकाशा वाचायला शिकवणारं. देशच खोटा असला की गाइडमधून पाठ करता येत नाही, डोकं लावावं लागतं. कल्पना झकास होती, अजूनही म्हणतो. मास्तरांनी देशाचं नाव ठेवलं मंदारदेश. मी नकाशा काढला. पूर्वेला उंच पठार, पश्चिमेला समुद्र, आणि मध्ये दोन नद्यांची सखल पट्टी. तिथेच राजधानी, तिथेच बंदर, आणि देशातली बहुतेक माणसंही तिथेच. त्या पट्टीला नाव मी सुचवलं, खलाटी. आमच्या कोकणात समुद्राकडच्या सखल भागाला तसंच म्हणतात.

मग मास्तरांनी लिहिलेला धडा माझ्याकडे आला, नकाशाशी ताडून बघायला. त्यात होतं: "खलाटी हा देशातील सर्वांत दाट वस्तीचा भाग होय. देशातील बहुतेक धान्य येथेच पिकते. हवामान उष्ण व दमट असल्यामुळे येथील लोक आळशी, परंतु समाधानी आहेत."

माझी आई रे रोडला लाकडाच्या वखारीत फळ्या वाहायची. सकाळी सातला घर सोडायची. मी कागद घेऊन मास्तरांच्या टेबलापाशी गेलो.

"मास्तर, बहुतेक धान्य हे लोक पिकवतात ना?"

"हो."

"मग आळशी कसे?"

"अरे, तो हवामानाचा परिणाम आहे. त्याला मी काय करणार?"

"हवामानही तुम्हीच लिहिलंय मास्तर."

आवाज जरा चढला असणार, कारण भाऊसाहेब आतून आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "एवढं कळतं तर खलाटीचा धडा तूच लिही. मास्तर तपासतील."

* * *

रविवारी मी खोलीत बसून धडा लिहिला. आईला वाचता येत नव्हतं, पण मी लिहिताना पुटपुटतो, त्यामुळे तिला सगळं ऐकू गेलं. ती खरा देश असल्यासारखी विचारायला लागली. पावसात पाणी घरात शिरतं का? बाया कामाला कुठे जातात? भात कापून झालं की माणसं काय खातात?

मी म्हटलं, "आई, असा देश नाही कुठे. मनानं काढलाय."

"देश नसंल. पण माणसं हायत न्हवं त्यात?"

मग मीही तिचे प्रश्न धरून लिहायला लागलो. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून लोक बांध घालतात. बांध फुटला की सगळी वस्ती रात्रंदिवस चिखलात उभी राहते. पेरण्या झाल्या की निम्मे पुरुष राजधानीत गिरण्यांत आणि बंदरावर कामाला जातात. आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "धान्य ती पिकवतात, मग ठेवतात कुठं?"

मी नकाशा बघितला. कोठारं मास्तरांनी पठारावर दाखवायला सांगितली होती.

"वर का?" आईने विचारलं.

तोच प्रश्न मी धड्याखाली स्वाध्यायात घातला: "धान्य खलाटीत पिकते, तरी धान्याची कोठारे पठारावर का असावीत?"

मास्तरांनी धडा तपासला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि त्या प्रश्नापाशी आल्यावर खूश होऊन बाजूला पेन्सिलीने उत्तरच लिहून टाकलं: "कोरडी हवा."

* * *

त्याच वर्षी थंडीत आमच्या चाळीने दीक्षा घेतली. मी एक दिवस रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सहज विचारलं, "काल कुठे गायब?"

"दीक्षा घेतली," मी म्हटलं. "आमच्याकडचे सगळेच बौद्ध झाले."

जाधव आडनाव मराठ्यांत आहे, तसं आमच्यातही आहे. दोन वर्षं तिथे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. मास्तर "हो का" म्हणाले आणि लिहायला लागले.

तीन वाजता वरून चहा यायचा. भाऊसाहेबांच्या थोरल्या वहिनी, त्यांना सगळे काकी म्हणायचे, त्या स्वतः करून जिन्यापर्यंत आणून द्यायच्या. निळ्या फुलांच्या चार कपबश्या. त्या दिवशी ट्रेमध्ये तीन कपबश्या होत्या आणि एक काचेचा ग्लास.

"काकी, माझा कप फुटला का?"

"नाही रे. हा ग्लास तुझा. निराळा ठेवलाय."

"काकी, मी आता बौद्ध आहे. आम्हाला जात नाही."

काकी तुसड्या नव्हत्या. माझ्या आईची चौकशी करायच्या, दिवाळीला फराळ बांधून द्यायच्या. त्याच प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "तुझी गेली असेल रे बाळा. आमची कुठे गेलीय?"

ग्लास मी पायरीवर तसाच ठेवला. त्यानंतर कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जायला लागलो. पेडणेकर दोन दिवस वरचा चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी इराण्याकडे येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "वयल्या चायत हल्ली साखर कमी असता." खरं कारण त्याने कधी तोंडातून काढलं नाही. मला त्या वेळी त्याचाही राग आला होता. आज तितका नाही.

* * *

पुस्तक शाळांत लागायचं तर सरकारी कमिटीची मान्यता पाहिजे. भाऊसाहेब, मास्तर आणि मी असे तिघे त्या ऑफिसात गेलो. समोर एक साहेब, त्यांच्या हातात लाल पेन्सिल.

"हा देश कुठला?"

"काल्पनिक आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"मग याची राजधानी समुद्राकाठी का?"

"तिथे बंदर आहे."

"आणि भोवतालचे सगळे लोक एका भाषेचे."

"भाषेचं आम्ही काहीच लिहिलेलं नाही साहेब."

"लिहिलं नाहीत, पण वाचताना वाटतं." त्यांनी पान उलटलं आणि कोठारांच्या प्रश्नाभोवती लाल गोल काढला. "हा कुणी घातला?"

मास्तर पंख्याकडे बघायला लागले. भाऊसाहेब माझ्याकडे. मी म्हटलं, "मी."

"पठार म्हणजे तुम्हाला दिल्ली म्हणायचं आहे?"

"नाही साहेब. लिहिताना मनात आमच्या गावचे खोत होते. भात आम्ही लावायचो आणि ते वर त्यांच्या घरी जायचं."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "खोत होय? मग हरकत नाही. पण वाचणाऱ्याला दिल्ली वाटेल. प्रश्न काढा. आणि राजधानी पठारावर न्या."

मी म्हटलं, "साहेब, पठारावर नदी नाही. एवढ्या मोठ्या शहराला पाणी कुठून आणणार?"

"काल्पनिक आहे ना?" साहेब म्हणाले. "मग नदीही न्या."

नेली. मी कागदावर नेली आणि पेडणेकराने शिव्या देत दगडावर नेली. पुस्तक शाळांत गेल्यावर दादरच्या एका मास्तरांचं कार्ड आलं. नकाशातल्या उंचीच्या रेषा पाहता तुमची नदी चढावर वाहते, ती कशी, असं त्यांनी विचारलं होतं. भाऊसाहेबांनी उलट टपाली उत्तर धाडलं: "कमिटीच्या मान्यतेने."

* * *

पहिली छापील प्रत हातात आली तेव्हा मी आधी खलाटीचा धडा बघितला. प्रश्न गेला होता, बाकीचा मजकूर बहुतेक माझाच होता. मग पहिलं पान बघितलं. लेखक म्हणून बापट मास्तरांचं नाव, पदव्यांसकट. माझं नाव कुठेच नाही, नकाशांखालीसुद्धा नाही.

मास्तर म्हणाले, "अरे, भाषा तर मीच शुद्ध केली ना."

मी भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले. "नाव घालणार होतो रे. पण जाधव वाचून लोक तुला मराठा समजले, तर ते तुला आवडणार नाही. आणि नाही समजले, तर काही शाळा पुस्तक घेणार नाहीत, ते मला परवडणार नाही. दोघांचाही विचार केला मी."

मी म्हटलं, "माझा विचार तुम्ही मला न विचारता केलात."

"रागावू नकोस. पुढच्या आवृत्तीत बघू."

त्याच महिन्यात मी गोदीजवळच्या एका ड्रॉइंग ऑफिसात अर्ज टाकला आणि निघालो. भाऊसाहेबांनी सर्टिफिकेट उत्तम दिलं. पेडणेकर इराण्याच्या दारापर्यंत सोडायला आला, पण आत आला नाही. डोळे भरले होते त्याचे, ते मला दिसू नयेत म्हणून असेल.

पुढची आवृत्ती निघाली ती मी एका दुकानात उभ्याउभ्याच चाळली. माझं नाव नव्हतंच. बांधाचा आणि चिखलाचा मजकूर काढून टाकला होता. त्या जागी एक वाक्य होतं: "हवामान उष्ण व दमट असल्यामुळे येथील लोक आळशी, परंतु समाधानी आहेत."

दुकानदाराने विचारलं, "घेणार का?" मी पुस्तक त्याच्या गल्ल्यावर आपटलं. त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

* * *

शेवटी राज्य झालं. त्या दिवशी लालबागपासून परळपर्यंत दारादारांवर तोरणं होती. लोक अनोळखी माणसाच्या तोंडात पेढा कोंबत होते. यशवंत जिथे झोपायचा त्या गॅलरीलाही कुणीतरी झेंडूची माळ बांधली होती. आमच्या चाळीत ढोल वाजत होते.

या राज्यासाठी माझी आई मोर्च्यात गेली होती. वखारीतल्या बायकांबरोबर, एकदा नव्हे, तीन-चारदा. एकदा लाठी उजव्या खांद्यावर बसली. तेव्हापासून तो हात तिला डोक्याच्या वर नेता येईना आणि वखारीचं काम सुटलं. याबद्दल ती कधी बोलायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "लय गर्दी व्हती."

रस्त्यात एक माणूस नव्या महाराष्ट्राचा नकाशा विकत होता. घाईत छापलेला, समुद्राची शाई जमिनीवर आलेली. तरी मी एक घेतला, घरी आणून जमिनीवर पसरला आणि आईला म्हटलं, "हे बघ, हा आपला महाराष्ट्र."

आई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती नकाशापाशी येऊन बसली. डाव्या हाताने तिने कागदाची घडी सरळ केली.

"मुंबई कुठं?"

मी दाखवली.

"आपला गाव?"

आमचं गाव एवढंसं, ते छापलेलं नव्हतं. मी खिशातून पेन काढलं, नदीच्या वळणाचा अंदाज घेतला आणि एक ठिपका दिला. "हे आपलं गाव."

आई वाकून त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"आन् आपली वस्ती?"

"ती त्यातच आली आई. ठिपका म्हणजे सगळं गाव."

"गावात?" आई म्हणाली. "गावात आपण कवा व्हतो?"

बाहेर ढोल चालूच होते. आईने दुखऱ्या खांद्याचा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "पेन हिकडं दे."